घोरपडीचं तेल आणि आपले गुडघे



भातलावणी उरकली की गुडघे आणि कंबर बोलू लागतात. अशा वेळी आठवडी बाजारात कुणी बाटली पुढे करतं, ‘घ्या ताई, घोरपडीचं तेल आहे.’ आमच्या बचत गटांच्या बैठकीत या तेलाचा विषय निघतोच. म्हणून आज त्याबद्दल बोलू.

सांधेदुखीवर घोरपडीची चरबी चोळणं ही अनेक आदिवासी समाजांतली जुनी रीत. तिला कुणी हसू नये. दवाखाना लांब होता, तेव्हा जंगलच औषधालय होतं. पण तेव्हा गरज घरापुरती होती, आता मागणी बाजाराची आहे. ‘हत्था जोडी’ नावाची मुळी म्हणून जे विकतात, तेही नर घोरपडीचं वाळवलेलं गुप्तांग असतं. घोरपड अंडी घालते, पण त्यातली सगळी पिल्लं काही जगत नाहीत. बाजाराची भूक तिला कशी पुरणार? शिवाय ती उंदीर, किडे खाते. ती गेली तर नुकसान आपल्याच शेताचं.

आता कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. शिकारीला ३ ते ७ वर्षं कैद होऊ शकते. तिची चरबी, तेल बाळगणं आणि विकणं हाही गुन्हाच. काहीजणी विचारतात, ‘आम्हाला वनहक्क मिळालाय, मग?’ २००६ च्या वनहक्क कायद्याने मध, डिंक, तेंदूपानं अशा गौण वनोपजावर हक्क दिला आहे, शिकारीचा हक्क मात्र त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. तेलाचा नफा व्यापारी नेतो. घोरपड धरणाऱ्याच्या हाती थोडे पैसे आणि कोर्टाच्या खेपा. त्या काळात घर चालवायचं कुणी? त्याच्या बायकोनंच ना?

मग दुखण्याचं काय? चोळण्याने आणि उबेने बरं वाटतं, ते साध्या तिळाच्या तेलानेही वाटतं. निर्गुडीच्या पाल्याचा शेक आपल्या आज्यांना ठाऊक होताच. हेही जंगलाचंच ज्ञान आहे, आणि पाला बेताने तोडला तर झाड पुन्हा फुटतं. सूज उतरत नसेल तर आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात दाखवा.

वैदूंना झाडपाल्याची माहिती विचारा, वहीत लिहून ठेवा. आणि ती बाटली पुढे आली, तर घेऊ नका.