गाठीपर्यंत औषधाची सूक्ष्म पिशवी

नाशिक : द्राक्षबागेत दोन-चार वेलींवर भुरी दिसली, तरी फवारणी साऱ्या बागेवर करावी लागते. कर्करोगावरील केमोथेरपीचेही तसेच आहे. शिरेतून दिलेले औषध अंगभर फिरते आणि गाठीबरोबरच केसांची मुळे, तोंडातील नाजूक त्वचा, अस्थिमज्जा यांनाही त्याची झळ बसते. डॉक्सोरुबिसिन हे जुने, गुणकारी औषध तर हृदयाचे स्नायूही दुबळे करू शकते.

हेच औषध स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशवीत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून तयार केलेल्या 'डॉक्सिल'ला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. ही पिशवी केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या हिश्श्याएवढी असते. गाठीतील रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या, त्यामुळे त्यांच्या भिंतींना फटी असतात. पिशव्या तेथून गाठीत झिरपतात. हृदयाच्या घट्ट विणीच्या वाहिन्यांतून त्या सहसा बाहेर पडत नाहीत. २०१२ मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला, तेव्हा मुंबईच्या सन फार्माचे 'लिपोडॉक्स' तेथे तातडीने आयात करण्यात आले होते.

तरीही हे औषध 'नेमके गाठीवरच' जाते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. प्राण्यांवरील प्रयोगांचा आढावा टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात गाठीपर्यंत पोहोचलेल्या नॅनोकणांचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के निघाले! बराचसा साठा यकृत आणि प्लीहाच अडवून धरतात. रुग्णाचा खरा लाभ आहे तो हृदयाला होणारी इजा कमी होण्यात. मात्र तळहात-तळपायांची आग होऊन कातडी सोलवटण्याचा त्रास या प्रकारात अधिक आढळतो.