सगळीच गाणी ‘लोकगीत’ कशी? व्हिडिओखाली नाव लिहिताना एवढं बघा

जत्रेत, हळदीत गाणं रंगलं की कोणीतरी मोबाईल काढतो, व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो आणि खाली लिहितो, ‘मराठी लोकगीत’. मग ती जात्यावरची ओवी असो, खंडोबाचं जागरण असो, नाहीतर सिनेमातली लावणी. नाव एकच.

लोकगीत म्हणजे साधारणपणे ज्याचा कर्ता माहीत नाही आणि जे तोंडातोंडी चालत आलं, ते गाणं. जात्यावरची ओवी त्यात चपखल बसते. दळता दळता बायांनी रचली, आईकडून लेकीकडे गेली. पहिली कोणाची, सांगता येत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात अशा एक लाखावर ओव्या गोळा झाल्या.

पण अफजलखान वधाचा पोवाडा अज्ञानदासाचा. गाजलेली भारुडं संत एकनाथांची. लावण्या राम जोशी, होनाजी बाळा, पठ्ठे बापूराव यांच्या. कर्ते माहीत आहेत, तरी संबळ, डफ, तुणतुणं, ढोलकीवरचं हे गाणं गावाचंच. या सगळ्यांना मिळून ‘लोकसंगीत’ हा शब्द बरा, कारण तो गाण्याची धाटणी सांगतो, कर्ता नाही असं म्हणत नाही. ‘नटरंग’ (२०१०) सिनेमातल्या लावण्यांची धाटणी लोकसंगीताची आहे. पण त्या गुरू ठाकूर यांनी लिहिल्या, चाली अजय-अतुल यांच्या. त्यांना लोकगीत म्हणणं चुकीचंच. (आकाशवाणीवरचं ‘सुगम संगीत’ वेगळं, त्यात भावगीतं येतात.)

नावावरून एवढा काथ्याकूट कशाला? कारण ‘लोकगीत’ किंवा ‘पारंपरिक’ लिहिलं की कवीचं नाव पुसलं जातं. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची भीमगीतं गावोगावी तोंडपाठ आहेत, पण व्हिडिओखाली गायकाचं नाव असतं, वामनदादांचं कित्येकदा नसतं. कायद्याने गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवरचा हक्क अजून संपलेला नाही.

कवी शोधायला लई लांब जावं लागत नाही. शाहीर बहुतेक वेळा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतात, ते नीट ऐकायचं. मग आधी प्रकार लिहायचा, म्हणजे पोवाडा, गोंधळ, भीमगीत जे असेल ते, आणि पुढे कवीचं नाव. शोधूनही कवी सापडलाच नाही, तर ‘कवी माहीत नाही’ असं लिहिलेलं चालतं.