खेळाडूंची रक्तपरीक्षा : किती आणि कशासाठी?

आषाढ-श्रावणाच्या सरी अंगावर घेत साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातून भल्या पहाटे धावत जाणारी माणसे पाहिली, म्हणजे व्यायामाची आवड आता तालमीच्या हौद्यापुरती उरलेली नाही, याची खात्री पटते. २०१२ साली सुरू झालेल्या ‘सातारा हिल हाफ मॅरेथॉन’ या एकवीस किलोमीटरांच्या शर्यतीने वकील, शिक्षक, गृहिणी, पेन्शनर अशा सर्वांनाच ही चढण चढावयास लावले आहे. तिकडे सांगली-मिरजेकडे कुस्ती व वजन उचलण्याचा खेळ यांची परंपरा अद्याप जोमात आहे. या सर्वांच्या पाठोपाठ एक नवी गोष्ट घरोघर येऊन ठेपली आहे. ती म्हणजे ‘संपूर्ण’ रक्तपरीक्षा. घरी येऊन रक्त घेऊन जावयाचे आणि दुसरे दिवशी साठ-सत्तर बाबींचा अहवाल मोबाइलवर धाडावयाचा, असा हा क्रम. त्यातील दोन-चार आकडे ठळक किंवा तांबड्या अक्षरांत असतात, आणि ते पाहून घरात केवढी घबराट उडते, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. या परीक्षेत गरजेचा भाग किती व हौसेचा किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचे आम्ही योजिले आहे.

घरातील वडीलधारी मंडळी या बाबतीत एक आक्षेप नेहमी घेतात, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. त्यांचे म्हणणे असे, की या मुलखाने रक्त न तपासताच मोठमोठे खेळाडू निर्माण केले. १९४९ साली जुन्या साताऱ्याचे काही तालुके व आसपासची संस्थाने मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास ‘सांगली’ हे नाव मिळाले. तेव्हा व्यायामाचा हा वारसा दोघांचा सामाईकच आहे. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घरी आणले. यांपैकी कोणी फेरिटिनचा आकडा पाहिला होता?

आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु त्यात एक उणीव आहे. जे यशस्वी झाले त्यांचीच नावे आपल्या स्मरणात राहतात. जी मुलगी शाळेत पहिली येत असे आणि पुढे दोन वर्षांत ‘दम लागतो’ म्हणून मैदान सोडून गेली, तिची नोंद कोठेच होत नाही. तिला आळशी ठरविले गेले, क्वचित नाजूक ठरविले गेले, आणि प्रकरण तेथेच मिटले. रक्तपरीक्षेचा खरा उपयोग कोणाला असेल, तर तो अशा मुलीला होय. हा मुद्दा पुढे सविस्तर येणारच आहे. तत्पूर्वी अहवालातील तांबड्या आकड्यांचा अर्थ समजून घेणे अवश्य आहे.

प्रत्येक आकड्यासमोर जी ‘योग्य मर्यादा’ छापलेली असते, ती बहुधा निरोगी माणसांपैकी शंभरात पंचाण्णवांचे आकडे जीत बसतात अशी असते. म्हणजेच पाच माणसे पूर्ण निरोगी असूनही त्या मर्यादेबाहेर पडणार, हे मुळातच ठरलेले आहे. आता एकाच माणसाच्या एकमेकींवर अवलंबून नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर त्यांतील निदान एक तरी आकडा मर्यादेबाहेर जाण्याचा संभव सुमारे ६४ टक्के येतो. चाळीस केल्यास तो ८७ टक्क्यांवर जातो. प्रत्यक्षात कित्येक तपासण्या एकमेकींशी निगडित असल्यामुळे हे प्रमाण थोडेफार बदलेल. पण तात्पर्य बदलत नाही. अहवाल जितका लांब, तितके त्यात निष्कारण भीती घालणारे आकडे अधिक. या भीतीतून पुन्हा तपासण्या, त्यांतून औषधे, असा फेरा सुरू होतो.

खेळाडूच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. व्यायाम हा स्वतःच रक्तातील आकडे हलवितो. शे-दोनशे जोर-बैठका काढणारा किंवा नव्यानेच जड वजने उचलू लागलेला तरुण दुसऱ्या दिवशी रक्त देऊन आला, तर ‘एसजीओटी’ व ‘एसजीपीटी’ हे आकडे वाढलेले दिसतात. घरचे लोक म्हणतात, यकृत बिघडले. वस्तुतः हे पदार्थ यकृताप्रमाणेच स्नायूंतही असतात, आणि श्रमाने स्नायूंच्या तंतूंस जी बारीक इजा होते तिच्यामुळे ते रक्तात उतरतात. अशा वेळी ‘क्रिएटिन कायनेज’ हा स्नायूंचा खास आकडा बराच वाढलेला आणि ‘गॅमा जीटी’ हा यकृताकडचा आकडा मात्र जागच्या जागी असेल, तर गुन्हेगार यकृत नसून कालची तालीम आहे, असे डॉक्टर सहसा ओळखतात. पिळदार अंगाच्या पैलवानाचे क्रिएटिनिनही सामान्य माणसापेक्षा अधिक भरते; त्यावरून मूत्रपिंड बिघडले असे लगेच म्हणता येत नाही. उलटपक्षी, लांब पल्ल्याचे धावणे नियमित करणाऱ्यांच्या रक्तातील पातळ द्रव वाढतो व त्यामुळे हिमोग्लोबिन थोडे उतरलेले दिसते. सांबारात पाणी अधिक पडले म्हणून डाळ कमी झाली असे होत नाही, तशातलाच हा प्रकार. याच्या उलट, वजनी गटात बसण्यासाठी पाणी तोडलेल्या कुस्तीगिराचे रक्त दाट होऊन हाच आकडा खोटाच चांगला दिसतो.

म्हणून पहिला नियम असा, की रक्त द्यावयाचे ते दोन-तीन दिवस जड व्यायाम न करता, पाणी नेहमीप्रमाणे पिऊन, सकाळच्या वेळी द्यावे. स्नायूंचे आकडे पूर्ववत होण्यास कधी कधी आठवडाही लागतो. तेव्हा आपण काय व्यायाम करतो, कोणती पूड किंवा गोळी घेतो, हे डॉक्टरांस आधीच सांगावे.

मग तपासावे तरी काय? बहुतेक निरोगी, व्यायामी माणसांस पुढील मोजक्या गोष्टी पुरतात : रक्तपेशींची संपूर्ण मोजणी, फेरिटिन, बी-१२ जीवनसत्त्व, आणि कारण असेल तर ड जीवनसत्त्व, चाळिशीच्या पुढे साखर व चरबीचे प्रमाण. थायरॉइड वगैरे बाकीच्या तपासण्या लक्षणे असतील तरच. बी-१२ चा उल्लेख मुद्दाम केला आहे. हे जीवनसत्त्व धान्यात वा भाजीत नसते. शाकाहारी घरात ते काय ते दूध, दही, ताक यांतूनच मिळावयाचे. ज्या घरी दूध चहापुरतेच उरले आहे, तेथे त्याची उणीव पडणे स्वाभाविक होय.

परंतु आमच्या मते सर्वांत महत्त्वाची बाब फेरिटिनचीच आहे. हिमोग्लोबिन म्हणजे हातखर्चाचे लोह, तर फेरिटिन म्हणजे कोठारातील शिल्लक. कोठार रिते होऊ लागले तरी हातखर्च काही काळ चालूच राहतो. त्यामुळे मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या वर, म्हणजे कागदोपत्री ठीक, आणि फेरिटिन मात्र तळाला, अशी स्थिती पुष्कळदा आढळते. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढांसाठी १५ च्या खालील फेरिटिन ही लोहाची उणीव मानली आहे. खेळाडूंच्या बाबतीत कित्येक वैद्य ३० च्या खाली आकडा गेला की सावध होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयी आढळल्या. सुशिक्षित घरे यातून सुटली आहेत, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

धावणाऱ्या मुलीवर तर चोहोंकडून हा भार पडतो. मासिक पाळीत लोह जाते. शाकाहारातील लोह मांसाहारातल्यापेक्षा कमी प्रमाणात अंगी लागते. धावताना तळपायांवर होणाऱ्या आघाताने काही तांबड्या पेशी फुटतात. शिवाय श्रमानंतर सुमारे तीन ते सहा तास शरीरात ‘हेप्सिडिन’ नावाचे द्रव्य वाढून आतड्यातून लोह शोषले जाण्यास अडथळा करते. त्यातच जेवणावर लगेच चहा झाला, की उरलेसुरलेही वाया. वरण-भातावर लिंबू पिळणे ही आपल्या घरांतील जुनी चाल येथे शास्त्रास धरून आहे, कारण आंबटातील क जीवनसत्त्व लोह शोषण्यास मदत करते. आवळा, पेरू यांचाही गुण हाच. चहा मात्र जेवणापासून निदान तासभर दूर ठेवावा.

तथापि कोठार एकदा रिते झाल्यावर केवळ आहाराने ते लवकर भरत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्या लागतात व दोन-तीन महिन्यांनी पुन्हा आकडा पाहावा लागतो. आपल्या मनाने मात्र लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. अधिक झालेले लोह शरीरास बाहेर टाकता येत नाही. आणि पुरुषाचे लोह कमी भरले, तर पोटात कोठे रक्तस्राव होत नाही ना, हे आधी पाहावे लागते. ताप किंवा सूज असताना फेरिटिन उगीच वाढलेले दिसते, हेही ध्यानात असावे.

आमच्या भगिनीवर्गास आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हास कर्तव्य वाटते. व्यायाम करणाऱ्या मुलीची पाळी तीन-तीन महिने चुकू लागली, तर ‘खेळामुळे असे होतेच’ म्हणून सोडून देऊ नये. श्रमाच्या मानाने अन्न अपुरे पडत असल्याची ती खूण असू शकते, आणि तिचे परिणाम हाडांपर्यंत जातात. हे अहवालात दिसत नाही; आईने संकोच सोडून विचारल्यासच कळते. माण तालुक्यातील मोही या दुष्काळी गावातून आलेल्या ललिता बाबर २०१६ साली रिओ येथे तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, पी. टी. उषा यांच्यानंतर बत्तीस वर्षांनी ऑलिंपिक धावपट्टीची अंतिम फेरी गाठणारी ही भारतीय स्त्री. अशा आणखी मुली आपल्या घरांतून निघावयाच्या, तर ‘दमले’ या शब्दाकडे घराने लक्ष दिले पाहिजे.

रक्त काय सांगत नाही, तेही सांगितले पाहिजे. अहवाल स्वच्छ आला म्हणजे हृदय निर्दोष, असे मुळीच नव्हे. धावताना छातीत दुखणे, भोवळ येणे, घराण्यात कोणाचा तरुणपणी अकस्मात मृत्यू झालेला असणे, किंवा चाळिशीनंतर प्रथमच घाट चढावयाचा बेत असणे, अशा प्रसंगी रक्तदाब, हृदयाचा आलेख व डॉक्टरांचा प्रत्यक्ष सल्ला यांस पर्याय नाही. मिरजेस १८९४ साली डॉ. वानलेस यांनी रुग्णालय स्थापन केले, तेव्हापासून या मुलखाला चांगल्या वैद्यांचा तुटवडा कधी पडलेला नाही. त्यांच्याकडे न जाता केवळ अहवालावर विसंबणे हे शहाणपणाचे नव्हे.

शेवटी, खेळाच्या जगानेच मान्य केलेले एक तत्त्व घरी उपयोगी पडेल. उत्तेजक द्रव्यांचा शोध घेण्यासाठी जागतिक संस्थेने २००९ साली खेळाडूंचा ‘जैविक पासपोर्ट’ सुरू केला. त्यात खेळाडूच्या रक्ताची तुलना इतरांशी न करता मुख्यत्वे त्याच्याच पूर्वीच्या नोंदींशी करतात. आपणही एक साधी वही करावी. तारीख, हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, त्या आठवड्यातील व्यायाम, झोप आणि मुलींच्या बाबतीत पाळीची नोंद एवढे तीत असले म्हणजे पुरे. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, वर्षातून एकदा, आणि उणीव आढळल्यास डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासावे. साठ-सत्तर बाबींच्या एका अहवालापेक्षा चार वर्षांची ही चार पाने डॉक्टरांस अधिक सांगतील. आणि उरलेला पैसा दूध, कडधान्ये व फळे यांवर खर्च केल्यास तो खेळणाऱ्या मुलांच्या अंगी लागेल.