साठ दिवसांची बंदी

पोहरादेवी हे गाव वाशीम जिल्ह्यात असलं, तरी यवतमाळ जिल्ह्यातलं दिग्रस तिथून जवळच आहे. हद्दीच्या दोन्ही बाजूंना पिकं तीच: कपाशी, सोयाबीन, तूर. २०१७ च्या खरिपात यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती. नोझल वर धरून फवारताना तुषार तोंडावर, छातीवर येत आणि नाकाला आडोसा फक्त दुपट्ट्याचा.

मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट औषधं शरीरातलं कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. मज्जातंतूचा निरोप स्नायूला मिळाला की तो थांबवणं हे या विकराचं काम. ते बंद पडलं की घाम फुटतो, लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, शेवटी श्वास कोंडतो. यावर अ‍ॅट्रोपिनचा उतारा आहे. पण शेतात दोन-तीन औषधं एकाच बादलीत कालवली जातात. नोंदणीच्या वेळी तपासलेलं असतं ते डब्यातलं औषध. बादलीतलं मिश्रण कुणीच तपासलेलं नसतं.

अशा वेळी कामी येतं ते सावधगिरीचं तत्त्व: गंभीर हानीचा धोका दिसत असेल, तर पक्क्या पुराव्याअभावी उपाय लांबणीवर टाकू नये. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ च्या वेल्लोर खटल्यात ते देशाच्या कायद्याचा भाग मानलं. धोका नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारीही न्यायालयानं उद्योगावरच टाकली. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात तर या तत्त्वाचं बीज आधीपासूनच आहे. कलम २७ नुसार चौकशी पूर्ण होण्याआधीच राज्य सरकार एखाद्या औषधाची विक्री थांबवू शकतं. यवतमाळच्या घटनेनंतर राज्यानं मोनोक्रोटोफॉससह पाच औषधांवर अशीच बंदी घातली, त्यात वाशीम जिल्हाही होता.

मात्र ही बंदी साठ दिवसांची, फार तर आणखी तीस दिवस वाढवता येणारी. कायमची बंदी केंद्राच्या हाती. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्राचा बंदी-आदेश निघाला तो २०२३ मध्ये.

कंपन्यांना जाब विचारणं सरकारचं काम आहे. तोवर फवारणीच्या हंगामाआधी फवारणाऱ्यांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज तपासून नोंदवून ठेवा, हंगामात पुन्हा तपासा. पातळी घसरली, की त्या माणसाच्या पाठीवरचा पंप त्याच दिवशी उतरला पाहिजे.