जन्माला आला म्हणजे गुन्हेगार?

मागे एका आप्ताच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला नगर जिल्ह्यातील एका गावी जाण्याचा योग आला. आमच्या आजीच्या माहेरची एक शाखा मिशनच्या काळात ख्रिस्ती झाली, दुसरी १९५६ नंतर बौद्ध झाली. रक्त एकच, सोयरसुतक एकच. एका घरात भिंतीवर येशू, शेजारच्या घरात बाबासाहेब आणि काही घरांत दोघेही. फादरांनी बाळाच्या डोक्यावर पाणी ओतले आणि या संस्काराने मूळ पाप धुतले जाते असे जमलेल्यांना समजावून सांगितले. माझ्या शेजारी बसलेल्या थोरल्या आत्याने हळूच विचारले, "का रे वकिला, दीड महिन्याच्या लेकरानं असं काय पाप केलं?"

मी गप्प बसलो. दुसऱ्याच्या मंगल कार्यात वाद घालू नये, एवढी रीत आपल्याला आहे. पण प्रश्न बिनतोड होता. एलएल.बी.च्या तोंडी परीक्षेतही मला इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता.

ख्रिस्ती धर्मशास्त्राचे उत्तर थोडक्यात असे. पहिला मानव आदाम व त्याची स्त्री हव्वा यांनी देवाने मना केलेल्या झाडाचे फळ खाल्ले. त्या आज्ञाभंगाने मानवाचे पतन झाले आणि तो डाग जन्माबरोबर प्रत्येकाकडे येतो. आता बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात ही कथा आहे हे खरे. पण तेथे सफरचंदही नाही आणि 'मूळ पाप' हा शब्दही नाही. गंमत अशी, की हेच पुस्तक पवित्र मानणाऱ्या यहुदी धर्माने या कथेवरून वारशाने येणारा दोष असा सिद्धान्त उभा केला नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात एका माणसामुळे पाप व मरण जगात आले असे प्रतिपादन केले. त्या वाक्यावर पुढे मजले चढवले ते ऑगस्टीनने (इ.स. ३५४ ते ४३०). हा आजच्या अल्जीरियातील हिप्पो या गावचा बिशप.

वकिलाला रस वाटावा अशी गोष्ट येथेच आहे. पौलाने लिहिले ग्रीकमध्ये. त्या वाक्यातील एका शब्दयोजनेचा सरळ अर्थ 'कारण' असा होतो, म्हणजे सर्व मरतात कारण सर्वांनी पाप केले. लॅटिन भाषांतरात त्याचे 'ज्याच्या ठायी' असे झाले, आणि ऑगस्टीनने अर्थ लावला की आदामाच्या ठायी आपण सर्वांनीच पाप केले. कोर्टात एका शब्दाच्या भाषांतरावरून सातबारा फिरतो हे आपण पाहतो. येथे तर अख्ख्या मानवजातीवर दोषारोप ठेवला गेला! हा डाग पुढच्या पिढीत स्त्रीपुरुष समागमातील वासनेवाटे उतरतो, असेही ऑगस्टीन मांडतो. म्हणजे आईची कूस हीच संशयित.

त्याला विरोध झाला नाही असे नव्हे. ब्रिटनमधून रोमला आलेला पेलाजियस नावाचा साधक म्हणत होता की माणूस निष्पाप जन्मतो, चांगले-वाईट तो स्वतः निवडतो आणि सगळा दोष आदामावर ढकलल्याने माणूस आळशी होतो. इ.स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने त्याचे मत धिक्कारले आणि त्याच वर्षी रोमन बादशहा होनोरियसने त्याला व त्याच्या अनुयायांना रोममधून हद्दपार करण्याचा हुकूम काढला. धर्मसिद्धान्ताचा निकाल शेवटी राजाच्या शिक्क्याने लागतो, ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

मग आत्याचा प्रश्न उरलाच. बाप्तिस्म्याआधी मेलेल्या बाळाचे काय? ऑगस्टीन म्हणाला, त्यालाही शिक्षा, पण सर्वांत सौम्य. मध्ययुगातील पंडितांना हे कडू लागले, म्हणून त्यांनी अशा बाळांसाठी 'लिंबो' नावाची एक वेगळी जागा कल्पिली. सोळाव्या शतकात, १५४६ साली, ट्रेंटच्या परिषदेने मूळ पापावर पुन्हा शिक्कामोर्तब केले. आणि २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने सांगितले की अशी बाळे तरतील अशी आशा धरायला जागा आहे. दीड महिन्याच्या लेकरांना हा जामीन मिळायला सोळाशे वर्षे लागली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मात्र आदामापासून मरणाधीनता येते असे मानतात, त्याचा अपराध आपल्या माथी येतो असे मानत नाहीत. खुद्द बायबलातच यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात बापाचा दोष मुलाने भोगायचा नाही असा स्पष्ट दंडक आहे. माझ्या मते तो कोणत्याही फौजदारी संहितेत शोभेल.

आता या सगळ्याशी आपला संबंध काय? संबंध बाबासाहेबांनीच दाखवून दिला आहे. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर एक प्रकरण आहे. त्यातील आशय असा की अस्पृश्य हिंदू होता तेव्हा त्याला सांगितले गेले, तुझी अवनती पूर्वकर्माने झाली. ख्रिस्ती झाल्यावर सांगितले गेले, ती पूर्वजाच्या पापाने झाली. दोन्हीकडे सुटका नाही. समाजशास्त्र सांगते की माणसाची अवनती प्रतिकूल परिस्थितीने होते, त्याच्या पापाने नव्हे. पाणवठा बंद करणारा गावगाडा मग आरोपीच्या पिंजऱ्यातून आपोआप सुटतो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. मूळ पाप आणि कर्मविपाक एकाच तराजूत तोलता येत नाहीत. मूळ पाप पोपलाही चिकटते आणि गुलामालाही. त्यात सोवळा कोणी नाही. कर्मविपाकाने मात्र माणसांची उतरंड रचली, ब्राह्मणाला पुण्याची पावती दिली आणि महार-मांगाला पापाची. आणि ज्या मिशनऱ्यांनी आदामाचे पाप शिकवले, त्यांनीच आमच्या लेकरांसाठी शाळेचा दरवाजाही उघडला. जोतिराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, हे विसरून चालणार नाही.

पण जन्मजात दोषाची कल्पना एकदा डोक्यात बसली की ती कायद्याच्या पुस्तकातही शिरते. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. तो मांडताना भारतात धंदा जसा जातीने चालतो तसा गुन्हाही चालतो, असाच युक्तिवाद केला गेला. म्हणजे तर्क मनूचा आणि शिक्का राणीचा. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. उत्तरेत आणि मद्रास प्रांतात अशा काही वसाहती तर मुक्तिफौजेच्या हाती सोपवल्या गेल्या. स्टुअर्टपुरम हे त्यांपैकी एक नाव. पाप सर्वांचे, पण हजेरी फक्त पारध्याची आणि कैकाड्याची. १९५२ साली हा कायदा रद्द झाला. तरीही तुरुंगांच्या नियमावल्यांत या जमातींविषयीचे सराईतपणाचे उल्लेख राहिले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवले.

तथागतांच्या धम्मात आदाम नाही, आज्ञा देणारा देव नाही आणि म्हणून आज्ञाभंगही नाही. लोभ, द्वेष, मोह ही अकुशलाची मुळे माणसाच्या मनात आहेत, हे तथागत नाकारत नाहीत. पण ती वारसाहक्काने आलेला दंड नाहीत. ती पाहता येतात, आवरता येतात. माणूस जन्माने वृषल ठरत नाही, कर्माने ठरतो, आणि ते कर्म त्याचे स्वतःचे.

हे सांगताना आपल्या घरातही डोकावले पाहिजे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माची कल्पना बुद्धाची नव्हे, ब्राह्मणी आहे, असे ठासून मांडले. तरी परवा पोटगीच्या दाव्यासाठी आलेली आपल्याच वस्तीतील एक ताई मला म्हणाली, "साहेब, मागच्या जन्मीचं काहीतरी फेडतेय." गळ्यात पंचशीलाचे लॉकेट. मी तिला विचारले, नवरा पगार किती घेतो? तेव्हा कुठे आकडा बाहेर आला आणि अर्ज लिहायला सुरुवात झाली.

त्या दिवशी परतताना एसटीत आत्याने पुन्हा विषय काढला. मी आदाम, ऑगस्टीन, कार्थेज सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले.

"म्हणजे बापाच्या बापाच्या बापानं फळ खाल्लं म्हणून?"

"हो."

"कोर्टात टिकेल का हे?"

"नाही टिकणार, आत्या."

"मग बरं. लेकरू गोड आहे. बुद्धजयंतीला इकडं घेऊन या म्हणावं."