आधी अर्थ, मग नाव

बारावीच्या इंग्रजीत कवितेतली एक ओळ देऊन तिच्यातला ‘फिगर ऑफ स्पीच’ ओळखून स्पष्ट करायला सांगतात. मुलं नावांची यादी पाठ करून येतात आणि ओळीत खुणेचा शब्द शोधतात. ‘लाइक’ दिसला की सिमिली, संपलं!

म्हणून वर्गात मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिते. ‘ही स्विम्स लाइक अ फिश’ आणि ‘शी सिंग्ज लाइक हर मदर’. ‘लाइक’ दोन्हींत आहे. पण माणूस आणि मासा भिन्न, तर आई आणि लेक दोघी माणसंच. दुसऱ्या वाक्यात साधी तुलना आहे, सिमिली नाही. मराठीतली उपमासुद्धा दोन भिन्न गोष्टींतलं साम्य दाखवते, याची आठवण करून दिली की चेहरे उजळतात.

‘अ स्लीपलेस नाइट’ला बहुतेक जण पर्सनिफिकेशन म्हणतात. मी विचारते, झोप कोणाला लागली नाही? माणसाला. त्याचं विशेषण रात्रीला जोडलंय, म्हणून हा ट्रान्सफर्ड एपिथेट. रात्र दबक्या पावलांनी अंगणात आली असती, तर ते पर्सनिफिकेशन.

खरी दमछाक होते मेटॉनिमी आणि सिनेक्डकीपाशी. ‘द किटल इज बॉइलिंग’ म्हणतात, पण उकळतं पाणी. किटली पाण्याचा भाग नव्हे, पाणी तिच्यात आहे एवढाच संबंध, ही मेटॉनिमी. ‘वी नीड मोअर हँड्स’ मधला हात मात्र माणसाचाच अवयव. भागावरून अख्खा माणूस सांगितला, ही सिनेक्डकी. ‘घरात खाणारी तोंडं सहा’ असं आपण म्हणतो तेव्हा हेच करतो आणि ‘मंत्रालयाने आदेश काढला’ म्हणतो तेव्हा पहिलं. घरातली ही उदाहरणं निघाली की मुलं स्वतःच आणखी शोधू लागतात. शिकवण्यातला मला सगळ्यांत आवडणारा तास हाच.

या दोहोंमधली सीमा तशी पक्की नाही. काही अभ्यासक सिनेक्डकीला मेटॉनिमीचाच प्रकार मानतात. त्यामुळे नावापेक्षा कारण मोलाचं. मुलांनो, ओळ शब्दशः घेतली तर कुठे अडते ते आधी कच्चं लिहून पाहा, नाव त्यानंतर ठरवा. आणि पेपर तपासणाऱ्या सहकाऱ्यांना विनंती, नाव चुकलेलं दिसलं तरी खालचं स्पष्टीकरण पूर्ण वाचा.