छपरावरचा भोपळा आणि गच्चीवरची बाग

मुंबईहून कसाऱ्याला जाणारी लोकल खर्डी सोडून पुढे निघाली की उंबरमाळीचे छोटे स्टेशन लागते. शहापूर तालुक्याचा हा डोंगराळ भाग. श्रावण-भाद्रपदात येथल्या किंवा शेजारच्या मुरबाड तालुक्यातल्या पाड्यांवर हिंडलात, तर एक दृश्य हमखास दिसेल. कारवीच्या कुडाचे घर, वर कौले नाहीतर गवत, आणि त्या छपरावर आडवातिडवा पसरलेला भोपळ्याचा, दुधीचा किंवा घोसाळ्याचा वेल. वेलाचे आळे असते खाली, दाराशी. पाने आणि फळे तेवढी वर. छपराला भार पडतो तो वेलाचा आणि चार भोपळ्यांचा. माती जमिनीवरच राहते.

ह्या बागेची योजना कोणा वास्तुशिल्पज्ञाने केलेली नाही. तरीही छपरावर बाग करायची तर सर्वांत आधी कशाचा विचार करावा, हे तीत नेमके सांगितलेले आहे. तो विचार झाडाचा नव्हे, मातीचा. शहरात घराच्या पायथ्याशी आळे करायला जमीनच उरलेली नसते. तेथे सगळी माती गच्चीवर चढवावी लागते, आणि माती वर गेली की तिच्याबरोबर दोन प्रश्नही वर जातात: वजनाचा आणि पाण्याचा.

महाराष्ट्रातील छपरावरची सर्वांत प्रसिद्ध बाग तुमच्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिली असेल. मात्र ती पाहताना आपण छपरावर उभे आहोत हे ध्यानात आले असेलच असे नाही. मलबार हिलवरील फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजेच हँगिंग गार्डन, हे पाण्याच्या एका प्रचंड टाकीच्या छतावर वसवलेले आहे. ‘म्हातारीचा बूट’ ज्या कमला नेहरू उद्यानात आहे, त्याच्या समोरच ते आहे. हिरवळ, फुलझाडांचे वाफे, प्राण्यांच्या आकारात कातरलेली झुडपे आणि त्यांच्याखाली सुमारे १४ कोटी ७० लाख लिटर पाणी मावेल एवढा जलसाठा! ही टाकी आणि बाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील. जवळच पारशी समाजाचे दोखमे आहेत. तेथे येणाऱ्या गिधाडांमुळे पाणी दूषित होऊ नये म्हणून टाकी झाकून वर बाग केली, अशी एक हकीकत सांगतात. ती खरी असो वा नसो, झाकलेल्या टाकीचे छत मातीखाली गेल्याने आतले पाणी उन्हापासूनही सुरक्षित राहिले.

२०२३ साली ही जुनी टाकी पाडून नवी बांधण्याची योजना मुंबई महानगरपालिकेने पुढे आणली. त्यासाठी ३८९ झाडांवर परिणाम होणार असल्याचे कळताच नागरिकांनी विरोध केला. तज्ज्ञांनी आत उतरून पाहणी केली, आणि २०२४ साली पाडण्याचा विचार मागे पडून दुरुस्तीचा मार्ग पुढे आला. छपरावरच्या बागेची ही एक अडचण लक्षात ठेवण्याजोगी आहे. बाग जुनी होते तसे खालचे छतही जुने होते, आणि छताला हात लावायचा तर आधी बाग उचलावी लागते.

आता वजनाकडे वळू. ह्यासाठी एक प्रयोग करून पाहा. एक लिटरचे माप घ्या. त्यात शेतातली वाळलेली माती हलकेच ठोकून भरा आणि वजन करा. ते साधारणपणे सव्वा किलोग्रॅमच्या आसपास भरेल. आता तळाला भोके पाडलेल्या तेवढ्याच मापाच्या डब्यात तीच माती भरून तिला पोटभर पाणी पाजा, जादा पाणी निथळू द्या आणि पुन्हा वजन करा. काटा पावणेदोन किलोग्रॅमकडे सरकलेला दिसेल. डब्याचे वजन वजा करायला मात्र विसरू नका. मातीच्या कणांमधल्या ज्या पोकळ्यांत हवा होती, तेथे पाणी जाऊन बसले.

एक चौरस मीटर जागेवर १० सेंटिमीटर जाडीचा थर दिला, तर त्यात बरोबर १०० लिटर माती बसते. म्हणजे ओला थर झाला सुमारे १७५ किलोग्रॅमचा. ज्या सपाट गच्चीवर माणसांनी ये-जा करावी अशी अपेक्षा असते, तिच्यासाठी भारतीय मानकांनुसार दर चौरस मीटरला साधारण १५० किलोग्रॅम इतका जादा भार धरून हिशेब करतात. एवढ्यात माणसे, सामान, सगळे आले. म्हणजे मेथी जेमतेम उगवेल एवढ्या, चार बोटांहून थोड्या जाड ओल्या मातीनेच ही मर्यादा ओलांडली! भार ओलांडला म्हणजे स्लॅब त्याच दिवशी कोसळेल असे नाही. बांधकामात सुरक्षिततेसाठी थोडे हातचे राखलेले असते. पण ते हातचे भूकंपासाठी, गंजणाऱ्या सळयांसाठी, बांधणाऱ्याच्या उणिवांसाठी राखलेले असते. ते मेथीवर खर्च करणे शहाणपणाचे नाही.

ह्यावर उपाय दोन. एक, इमारत बांधतानाच बागेचा भार धरून स्लॅब, तुळया आणि खांब जाड करायचे. नव्या इमारतीत हे शक्य आहे, फक्त खर्च वाढतो. दुसरा उपाय जुन्या इमारतींसाठी, आणि मला तोच अधिक मनोरंजक वाटतो: मातीच हलकी करायची.

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या, म्हणजे आजच्या मुंबई बंदर प्राधिकरणाच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात सुमारे ३,००० कर्मचाऱ्यांचे जेवण तयार होत असे. इतक्या जेवणामागे भाज्यांची देठे, साली, फळांची टरफले यांचा रोज ढीग पडणार, हे ओघानेच आले. तेथील केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ साली सहकाऱ्यांच्या मदतीने हा ढीग स्वयंपाकघराच्याच गच्चीवर न्यायला सुरुवात केली. गच्ची सुमारे ३,००० चौरस फुटांची, म्हणजे २८० चौरस मीटरची. तिच्यावर १० सेंटिमीटर शेतमाती पसरली असती तर पहिल्या पावसात तिचे वजन ४९ टन झाले असते. पण पाटील यांनी शेतमातीवर भिस्त ठेवलीच नाही. वाळलेला पालापाचोळा, उसाचा चोथा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांच्यापासून तयार होणारे काळे, भुसभुशीत खत हीच तेथली माती. स्वयंपाकघरातील सुमारे ९० टक्के ओला कचरा असा गच्चीवर जिरू लागला, आणि त्यातून भाज्या आल्या, फळझाडेही आली.

ह्या पद्धतीला पूर्वज आहेत. मुंबईतील डॉ. आर. टी. दोशी यांनी आपल्या सुमारे १,२०० चौरस फुटांच्या गच्चीवर उसाचा चोथा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, जुने टायर, पिंपे असे मिळेल ते साहित्य वापरून भाज्या आणि फळे पिकवून दाखवली होती. दुसरे नाव श्रीपाद अच्युत दाभोलकरांचे. हे कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक. ‘प्रयोग परिवार’ नावाने त्यांनी शेतकऱ्यांना आपापल्या शेतात मोजमाप करून प्रयोग करायला शिकवले. पाला कुजवून सुपीक माती घरी तयार करता येते, तिच्यासाठी डोंगर खणावा लागत नाही, हा विचार त्यांनी हिरिरीने मांडला.

आता तुमच्या लिटरच्या मापात असे चांगले कुजलेले, निथळलेले पाल्याचे खत भरून पाहा. वजन ६०० ते ७०० ग्रॅमच्या घरात येईल. म्हणजे १० सेंटिमीटरचा थर चौरस मीटरला सुमारे ६५ किलोग्रॅमचा. ओल्या मातीच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी! फुकट मात्र काहीच मिळत नाही. कुजण्याची क्रिया थांबत नाही. सूक्ष्मजीव पाल्यातील कार्बन खातात आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत निघून जातो. त्यामुळे थर सतत बसत जातो आणि वरचेवर नवा पाला घालावा लागतो. शहरात तो कमी नाही. रस्त्याकडेच्या झाडांखाली लोक तो झाडून जाळतात, हीच खेदाची गोष्ट.

एकूण वजनाइतकेच ते कोठे ठेवले आहे हेही महत्त्वाचे. दोनशे लिटरच्या पिंपात ओली माती भरली तर ती ३५० किलोग्रॅम होते, आणि पिंपाचा तळ असतो जेमतेम पाव चौरस मीटरचा. स्लॅबच्या मधोमध असे पिंप ठेवणे म्हणजे एका चौरस मीटरवर १,४०० किलोग्रॅम ठेवण्यासारखे आहे. खालच्या खोलीत जाऊन वर पाहा. तुळया कोठून कोठे जातात ते दिसेल. जड कुंड्या तुळयांच्या आणि खांबांच्या माथ्यावर, हलके वाफे मधल्या भागात, हा नियम. तरीसुद्धा शाळेच्या किंवा जुन्या चाळीच्या गच्चीवर पहिली कुंडी चढण्याआधी एखाद्या अभियंत्याने स्लॅब पाहिलाच पाहिजे. छताचे प्लॅस्टर सुटून सळ्या दिसत असतील, तर तेथे बागेचे नाव काढू नये.

हे झाले वजनाचे. पाण्याची गोष्ट जरा अधिक फसवी आहे.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर त्या दिवशी ९४ टनांहून अधिक पाणी उतरले. ते सारे कोपऱ्यातल्या मनगटाएवढ्या पाइपांतून खाली गेले म्हणून गच्च्या टिकल्या. अशा पाइपाच्या तोंडावर बदामाची चार मोठी पाने चिकटली तर काय होईल? गच्चीवर १० सेंटिमीटर पाणी साचले की चौरस मीटरला १०० किलोग्रॅमचा भार वाढतो, आणि बागेचा भार तर आधीपासूनच तेथे बसलेला असतो. म्हणून वाफे कठड्यापासून हातभर अंतरावर घेतात, ते विटांवर किंवा फळ्यांवर उचलून ठेवतात, खालून पाणी मोकळे वाहू देतात आणि पाइपाच्या तोंडाला जाळी बसवतात. मुंबईकडे गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून उतार काढतात, तो ह्याचसाठी. कोब्याला तडा असेल तर बागेआधी तो बुजवावा. एरवी पावसाळ्यापुरती होणारी गळती बागेमुळे बारमाही होईल.

मुळांचेही असेच आहे. मेथी-कोथिंबिरीपासून कोब्याला धोका नाही. धोका आहे तो न लावलेल्या पाहुण्यांपासून. पिंपळ, वड आणि उंबर ही एकाच गोत्रातली झाडे. पक्षी त्यांची फळे खातात, विष्ठेतून बी पडते, आणि कठड्याच्या फटीत चिमूटभर धुळीवर रोप उभे राहते. मूळ ओलाव्याच्या शोधात फटीत शिरते, जाड होते आणि फट रुंदावते. उंबरमाळीच्या रानात उंबर शोभतो. गच्चीवर तो दोन पानांचा असतानाच उपटावा.

इतका खटाटोप करून मिळते काय? भाजी मिळतेच, शिवाय खालची खोली थंड राहते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. पानांतून बाहेर पडणारे पाणी ही उष्णता स्लॅबच्या आसपासच्या हवेतून आणि पानांवर पडणाऱ्या उन्हातून घेते. स्लॅबवर सावली असते ती वेगळीच. मे महिन्यात उघड्या स्लॅबखाली आणि वाफ्याखालच्या छताला एकेक तापमापक लावून दुपारी तीनला आणि रात्री नऊला नोंद घ्या. रात्रीचा फरक जास्त बोलका असतो, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडतो.

पण ह्या थंडाव्याला पाणी लागते. भर उन्हाळ्यात दिवसाला चार-पाच मिलिमीटर धरले, तर शंभर चौरस मीटरच्या बागेला रोज चारशे ते पाचशे लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण मानले, तर हे तीन माणसांचे पाणी झाले. आणि मुंबईचे पाणी येते कोठून? तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. पुढे भातसा आले, आणि आज मुंबईच्या पुरवठ्यात सर्वांत मोठा वाटा भातशाचाच आहे. ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात. त्याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहत हंडे रांगेत ठेवलेले असतात. अशा वेळी नळाचे पाणी पाइप लावून गच्चीवर सोडणे मला तरी योग्य वाटत नाही.

सुदैवाने तशी गरजही नसते. वाफ्यावर वाळलेल्या पाल्याचे चार बोटे आच्छादन दिले की मातीवरून उडून जाणारे पाणी बरेच वाचते. तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी झाडांना चालते. साबणाचे मात्र सरळ घालू नये. ज्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजते, तेथे असे पाणी आणि भाज्यांच्या साली दोन्ही रोज मिळतात. पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराची ही छोटी आवृत्तीच म्हणायची. दहा-बारा बादल्या किंवा तेलाचे डबे, तळाला भोके, खाली विटा, आत पाला आणि खत, एवढ्यावर सुरुवात करता येते. मेथी, लाल माठ यांना वीतभर खोली पुरते. वांगी, मिरची, टोमॅटो यांना दीड वीत हवी.

आणि गच्चीचा स्लॅब कमकुवत निघाला तर? दाराशी आळे करा, दोरी बांधा, आणि मृगाचा पाऊस पडला की घोसाळ्याचे बी टोचा. गणपतीपर्यंत वेल गच्चीच्या कठड्यावर असेल.